मुंडक्याचं लायसन, ट्रॉलीचं ड्रायव्हिंग

दसरा होऊन गेला की परभणी जिल्ह्यातल्या रस्त्यांची चाल बदलते. सोयाबीनच्या राशी मोंढ्याकडे निघालेल्या असतात. सेलू-मानवतच्या जिनिंगसमोर कापसाच्या ट्रॉल्या रांग धरतात. गोदाकाठच्या उसाच्या पट्ट्यात कारखान्याचा बॉयलर पेटायची वाट बघत ट्रॅक्टरवाले टायर बदलून घेतात, हूक वेल्डिंग करून घेतात, ट्रॉलीच्या फळ्या ठोकून घेतात. कल्याणहून निघून पाथरी, मानवत, परभणी, वसमत करत नांदेड-निर्मलकडे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग ६१ वर या दिवसांत एसटी, ट्रक, मोटारसायकली आणि शिगोशीग भरलेल्या ट्रॉल्या एकाच रस्त्यानं चालतात. यात सगळ्यात हळू आणि सगळ्यात जड वाहन ट्रॉलीचं. ते चालवणाराही बहुधा वयानं लहान.

त्या पोराच्या खिशात लायसन असलं, तरी ते ट्रॅक्टरचं. ट्रॅक्टरच्या पुढच्या भागाला, म्हणजे ट्रॉली सोडून राहिलेल्या यंत्राला, इकडं मुंडकं म्हणतात. परीक्षा होते ती या मुंडक्याची. ट्रॉली जोडून ती मागं घेणं, वळवणं, उतारावर सांभाळणं यांची वेगळी चाचणी नियमांत नाही. पुढचं सगळं आयुष्य मात्र ट्रॉलीसकट काढायचं असतं.

चाचणीची वाट तशी सगळ्यांच्या ओळखीची. वय १८ पूर्ण झालं की ‘सारथी’ पोर्टलवर शिकाऊ लायसनचा अर्ज करायचा. रस्त्यावरच्या खुणा आणि नियम यांवर प्रश्न येतात, त्यातले निदान ६० टक्के बरोबर यावे लागतात. हे लायसन सहा महिने चालतं. पक्क्या लायसनची चाचणी ३० दिवस झाल्याशिवाय देता येत नाही. चाचणी परभणीच्या उपप्रादेशिक परिवहन कार्यालयात होते, म्हणजे ज्या कार्यालयानं जिल्ह्यातल्या गाड्यांना ‘एमएच २२’ हा नंबर दिला तिथं, किंवा तालुक्याच्या गावी ठरलेल्या दिवशी लागणाऱ्या कॅम्पात. नापास झालं तर सात दिवसांनी परत. गंगाखेड-पालमच्या खेड्यातून येणाऱ्याला यात मजुरीचे दिवस मोडावे लागतात, म्हणून चाचणी एकदाच्या झटक्यात निघावी एवढीच त्याची इच्छा असते.

या ३० दिवसांतला एक नियम ट्रॅक्टरवर चांगलाच अडतो. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ प्रमाणे शिकाऊ माणसाशेजारी लायसनधारक शिकवणारा हवा, आणि तोही गरज पडली तर गाडी थांबवू शकेल अशा जागी बसलेला. गाडीपुढं-मागं पांढऱ्या पाटीवर लाल ‘एल’ हवा. पाटी १८ सेंटिमीटर चौरस, अक्षर १० सेंटिमीटर उंच. पाटी लावता येते, पण ट्रॅक्टरला सीट एकच. शिकवणारा बसतो तो मडगार्डवर, एका हातानं कडी धरून. तिथून त्याचा पाय ब्रेकपर्यंत पोचत नाही. त्यामुळं खरं शिकणं होतं ते रस्त्याबाहेर: आखाड्यावर, पीक निघून मोकळ्या झालेल्या रानात, आठवडी बाजार नसलेल्या दिवशी बाजाराच्या पटांगणात. बापाकडून, चुलत्याकडून, किंवा ज्याच्या हाताखाली पोरगा दोन हंगाम ‘किन्नर’, म्हणजे क्लीनर, म्हणून फिरला त्या ड्रायव्हरकडून.

चाचणीत काय बघतात हे नियम १५ मध्ये सविस्तर दिलेलं आहे, आणि ते एकदा नीट वाचावं असंच आहे. इंजिन सुरू करण्याआधीची काळजी, आरसा जुळवणं, खालच्या गिअरपासून वरच्यापर्यंत सफाईनं जाणं, उतारावर वेळेत गिअर उतरवणं, चढावर थांबून गाडी मागं न घसरू देता पुन्हा निघणं, डावी-उजवी वळणं, हाताचे इशारे, आणि शेवटी गाडी मागं घेत अरुंद जागेत डावीकडून किंवा उजवीकडून आत घालणं. मोठ्या शहरांच्या ट्रॅकवर यासाठी ‘एच’ आणि ‘आठ’चे आकार आखलेले असतात. एकट्या ट्रॅक्टरवर यातलं जवळजवळ सगळं सोपं जातं. यंत्र आखूड, वळण छोटं, बैठक उंच, चारही बाजू डोळ्यासमोर. पोरं पाच-सात मिनिटांत चाचणी उरकून खाली उतरतात.

मागं ट्रॉली जोडली की याच यादीतली प्रत्येक गोष्ट वेगळी होते.

सगळ्यात आधी मागं घेणं. दोन चाकांची ट्रॉली हुकाशी एकाच सांध्यानं जोडलेली असते. तिचा मागचा भाग उजवीकडं न्यायचा तर स्टिअरिंग आधी डावीकडं. ट्रॅक्टरची मागची बाजू डावीकडं सरकते, हूक डावीकडं ढकलला जातो, आणि ट्रॉलीचं ढुंगण उजवीकडं फिरायला लागतं. इथवर पोरं एका दुपारीत शिकतात. खरं काम पुढचं आहे. ट्रॉली वळायला लागली की तिला तसंच वळू दिलं तर ती काटकोनात घडी होते, आणि तिची दांडी ट्रॅक्टरच्या मागच्या टायरला जाऊन भिडते. म्हणून वळण सुरू होताक्षणी स्टिअरिंग हळूहळू उजवीकडं आणून ट्रॉलीच्या मागोमाग जायचं. हे ‘मागोमाग’ हातात बसायला वेळ लागतो. जुने ड्रायव्हर एक युक्ती सांगतात: स्टिअरिंग खालच्या बाजूनं धरायचं. मग हात ज्या दिशेला जाईल त्या दिशेला ट्रॉली जाते, डोक्यात उलटसुलट करत बसावं लागत नाही. आणि घडी पडायला लागली तर हट्ट करायचा नाही; पुढं घ्यायचं, सरळ करायचं, परत लावायचं.

ज्यांनी बैलगाडी हाकली आहे त्यांना हे नवीन वाटत नाही. बैल मागं रेटले की जू ज्या अंगाला कलतं, त्याच्या उलट अंगाला गाडीचा मागचा भाग जातो. परभणीत पन्नाशीच्या पुढचे कितीतरी शेतकरी ट्रॉली पहिल्याच दिवशी बरोबर मागं घेतात, त्याचं कारण हे असावं. त्यांच्या पोरांनी बैलगाडी हाकलेली नाही. त्यांना सगळं मुळापासून शिकावं लागतं.

चार चाकांची ट्रॉली ही त्याहून कठीण गोष्ट. तिचा पुढचा आस दांडीसकट फिरतो, म्हणजे सांधे दोन: एक हुकापाशी, दुसरा पुढच्या आसावर. इथं उलट्याचं पुन्हा उलट होतं. ट्रॉलीचा मागचा भाग उजवीकडं हवा तर सुरुवात मोटारीसारखी उजवीकडूनच करायची, आणि मग दोन्ही सांधे एकाच वेळी सांभाळत न्यायचं. चार-पाच हात जरी मागं सरळ घेतली तरी बघणारे मान हलवतात. त्यात उसाच्या हंगामात एकामागं एक दोन ट्रॉल्या जोडतात. ती जोडी मागं घेणं जवळजवळ अशक्यच. फडातून निघताना, कारखान्याच्या वजनकाट्यावर, गव्हाणीपाशी सगळा मार्ग असा आखावा लागतो की मागं घ्यायची वेळच येऊ नये. हे आखणं हेसुद्धा कौशल्यच आहे, आणि तेही कोणत्या चाचणीत विचारत नाहीत.

दुसरी गोष्ट ब्रेकची. एवढी एक गोष्ट नीट शिकवली तरी कितीतरी घरं वाचतील. ट्रॅक्टरला ब्रेकची पेडलं दोन असतात, मागच्या डाव्या आणि उजव्या चाकाला वेगवेगळी. नांगरताना धुऱ्यापाशी चटकन वळता यावं म्हणून एकच पेडल दाबून एक चाक जागीच धरायचं, यासाठी ती सोय. दोन्ही पेडलं एकत्र जोडायला बाजूला एक छोटी लोखंडी पट्टी असते. शेतातून रस्त्यावर येताना ती पट्टी लावायचीच. न लावता भरधाव ट्रॅक्टरवर घाईत एकच पेडल दाबलं गेलं, तर एक चाक थांबतं, दुसरं धावतं, आणि मागचा भार ट्रॅक्टरला आडवा करून टाकतो. बोटभर लांबीची ही पट्टी. कित्येक जुन्या ट्रॅक्टरांवर ती गंजून चिकटलेली, नाहीतर तुटून गेलेली दिसते. चाचणी घेणाऱ्यानं पहिली नजर तिथं टाकावी आणि पट्टी नसेल तर चाचणी पुढं सरकूच देऊ नये.

पट्टी लावली तरी ब्रेक आहेत ते ट्रॅक्टरचे. बऱ्याच ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेक नसतात. ५० हॉर्सपॉवरचा ट्रॅक्टर दोन टनांच्या आसपास भरतो; मागं ऊस लादला की ओढायचं वजन त्याच्या कित्येक पट. सपाट रस्त्यावर हे कळत नाही. गंगाखेडच्या दक्षिणेला बालाघाटाच्या चढउतारावर, किंवा जिंतूरकडं येलदरीच्या बाजूला, ते पहिल्याच उतारावर कळतं. तिथं सगळ्यात जिवावर बेतणारी सवय म्हणजे डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रल करून सोडणं. इंजिनाचा आवर सुटला की ट्रॉली ट्रॅक्टरला ढकलायला लागते, स्टिअरिंग ऐकत नाही. ज्या गिअरमध्ये चढ चढला त्याच गिअरमध्ये उतार उतरायचा, क्लचवर पाय ठेवायचा नाही, आणि गिअर उतार लागायच्या आधी टाकायचा, मधोमध नाही. नियम १५ मधलं ‘उतारावर वेळेत गिअर उतरवणं’ हे कलम ट्रॉलीवाल्यासाठीच लिहिलंय असं वाटावं, इतकं ते त्याच्या कामाचं.

तिसरी गोष्ट जोडण्याची. ट्रॅक्टर मागं येत असताना किन्नर दांडी उचलून मधोमध उभा राहतो, हे दृश्य गावोगाव दिसतं आणि अंगावर काटा आणतं. ट्रॅक्टर पूर्ण थांबला, न्यूट्रल झाला, हँडब्रेक लागला, ड्रायव्हरनं हात वर केला, मगच माणसानं मध्ये जायचं. दांडी हुकात बसवून पिन घालायची, पिनेला खालून क्लिप लावायची. क्लिपेच्या जागी वाकडा खिळा किंवा तारेचा वेढा चालत नाही. आणि ओढायचं ते खालच्या हुकानंच. वर, आसाच्या उंचीच्या वर, कुठं साखळी बांधून ओझं ओढलं तर ट्रॅक्टरची पुढची चाकं उचलली जाऊन यंत्र मागं उलटू शकतं. काळ्या मातीत रुतलेली ट्रॉली पावसाळ्यात टोचन करून काढताना हा धोका सगळ्यात जास्त असतो, कारण घाई असते, चार जण ओरडत असतात आणि चाकं जागीच फिरत असतात.

कायदा याकडं कसा बघतो? मोटार वाहन कायदा, १९८८ मध्ये ट्रॅक्टर म्हणजे स्वतःवर भार वाहण्यासाठी न बनवलेलं मोटार वाहन, आणि ट्रेलर म्हणजे मोटार वाहनानं ओढायचं वाहन. म्हणजे कायद्याच्या नजरेला वाहनं दोन. ट्रॉलीची नोंदणी वेगळी, तिचा नंबर तिच्या कडेला हवा. शिवाय ट्रॉली जोडून रस्त्यावर जायचं तर ओढणाऱ्या ट्रॅक्टरचा नंबर ट्रॉलीवर, आणि ट्रॉल्या दोन असल्या तर शेवटच्या ट्रॉलीवर, दिसला पाहिजे. कलम ६१ मधली ही तरतूद किती जणांना ठाऊक असेल, ते रस्त्यावर मागून बघितलं की कळतं. लायसनच्या बाबतीत ७,५०० किलोपर्यंत रिकाम्या वजनाचा ट्रॅक्टर हलक्या वाहनांत मोडतो.

मग ट्रॉली जोडली आणि तीत माल भरला की ते मालवाहू वाहन होतं का, आणि ट्रॅक्टरचं लायसन पुरतं का? हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. नागशेट्टी विरुद्ध युनायटेड इंडिया इन्शुरन्स या प्रकरणात विमा कंपनीचं म्हणणं होतं की ट्रॅक्टरला ट्रेलर जोडून माल नेला जात होता, ड्रायव्हरकडं फक्त ट्रॅक्टरचं लायसन होतं, म्हणून भरपाई देणं लागत नाही. न्यायालयानं २००१ मध्ये ते मानलं नाही. ट्रॅक्टरचं वैध लायसन असलेला माणूस ट्रेलर जोडला एवढ्या कारणानं अपात्र ठरत नाही, असा तो निकाल. पुढं त्याच दिशेनं २०१७ चा मुकुंद देवांगन निकाल आला, आणि ६ नोव्हेंबर २०२४ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं बजाज अलायन्झ विरुद्ध रंभादेवी प्रकरणात हलक्या वाहनाच्या लायसनवर ७,५०० किलोपर्यंतचं वाहतूक वाहन चालवता येतं हे पक्कं केलं.

हे निकाल गरीब ड्रायव्हरच्या आणि अपघातात माणूस गमावलेल्या घरच्यांच्या बाजूचे आहेत, आणि ते तसे आले हे चांगलंच झालं. कागदावरच्या एका नोंदीवरून भरपाई अडवणं हा अन्यायच होता. पण न्यायालयानं सोडवला तो हक्काचा प्रश्न. हातातल्या कौशल्याचा प्रश्न सोडवणं हे परिवहन खात्याचं, कारखान्यांचं आणि गावाचं काम, आणि ते तसंच पडून आहे.

बाहेरच्या देशांनी यावर वेगवेगळे मार्ग काढले. ब्रिटनमध्ये १ जानेवारी १९९७ पासून मोटारीला मोठा ट्रेलर जोडायचा तर वेगळी चाचणी द्यावी लागे. तीत ट्रेलर मागं घेऊन आखलेल्या चौकटीत उभा करणं, सोडणं आणि परत जोडणं हे सगळं करून दाखवावं लागे. १६ डिसेंबर २०२१ पासून इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्समध्ये मोटारींपुरती ही चाचणी काढून टाकली. जर्मनीत शेतीच्या ट्रॅक्टरांसाठी लायसनचे दोन वेगळे वर्गच आहेत, वेगाप्रमाणे पाडलेले. त्यातला हळू ट्रॅक्टरांचा वर्ग सोळाव्या वर्षी मिळतो, पण ट्रेलर जोडल्यावर त्याची मर्यादा ताशी २५ किलोमीटर. अमेरिकेत ओहायो स्टेट विद्यापीठात १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला हळू चालणाऱ्या वाहनांसाठी नारिंगी त्रिकोणी खूण तयार झाली आणि शेतीच्या यंत्रांमागं ती लागू लागली. आपल्याकडं ट्रॉलीमागं लाल रिफ्लेक्टर सक्तीचे आहेत. पण उसाची वाढं मागं लोंबायला लागली की ते झाकले जातात, आणि रात्री मोटारसायकलवाल्याला समोर काळोखाचा एक ढीग तेवढा दिसतो. पंक्चर झाली म्हणून रस्त्यातच दगड लावून उभी केलेली ट्रॉली तर त्याहून वाईट.

४ एप्रिल २०२५ ला सकाळी वसमत तालुक्यातल्या गुंज गावच्या शेतमजूर बाया ट्रॉलीत बसून कामाला निघाल्या होत्या. नांदेड जिल्ह्यातल्या आलेगाव शिवारात ट्रॅक्टर ट्रॉलीसकट पाण्यानं भरलेल्या विहिरीत गेला. सात बाया गेल्या. वसमत हा १ मे १९९९ पर्यंत परभणी जिल्ह्याचाच भाग. त्या दिवशी परभणीतही घरोघरी हीच बोलणी होती. शेतमालाच्या ट्रॉलीत माणसं न्यायला कायद्यानं बंदी आहे. पण रानापर्यंत दुसरं वाहन नाही, उशीर झाला तर रोज कापला जातो, म्हणून सकाळी सकाळी ट्रॉल्या भरून बाया जातात. बंदी पाळायची तर मजुरांच्या ने-आणीची सोय आधी करावी लागेल. आणि तोवर ज्याच्या हातात ते स्टिअरिंग आहे त्याला विहिरीच्या, कालव्याच्या, धुऱ्याच्या काठानं ट्रॉली कशी न्यायची हे शिकवलेलंच असलं पाहिजे. जायकवाडीच्या डाव्या कालव्याचा भराव पाथरीपासून परभणीपर्यंत कितीतरी गावांची गाडीवाट आहे. काळी माती एका सरीत निसरडी होते. ट्रॅक्टरचं चाक काठापासून दूर दिसलं तरी वळणावर ट्रॉलीचं चाक आतून कापत जातं, हे पाठीमागं वळून बघितल्याशिवाय कळत नाही.

शिकवायची जागा परभणीत आहे. १८ मे १९७२ ला स्थापन झालेलं कृषी विद्यापीठ, आताचं वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ, याच गावात. तिथं कृषी अभियांत्रिकीचं महाविद्यालय आहे, यंत्रं आहेत, आणि मुख्य म्हणजे मोकळी जमीन आहे. देशात ट्रॅक्टर प्रशिक्षणाची केंद्र सरकारची संस्था मध्य प्रदेशात बुधनीला १९५५ पासून आहे. हिसार, आंध्रातलं गार्लादिन्ने आणि आसाममधलं बिश्वनाथ चाराली इथंही तशाच संस्था आहेत. मराठवाड्यातल्या पोरानं बुधनीला जावं हे होणारं नाही. पण विद्यापीठाच्या स्थापनादिनी खरीप मेळाव्याला आणि १७ सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, रब्बी मेळाव्याला शेतकरी हजारोंनी येतात. बियाण्याच्या पिशव्या घेतात, अवजारं बघतात, भाषणं ऐकतात.

त्याच मैदानाच्या एका कडेला चुन्याच्या रेघा मारून सरावाचं आंगण आखलं तर खर्च फार नाही. चार रिकामे ड्रम, एक दोन चाकी ट्रॉली, एक चार चाकी, मातीचा टाकून दाबलेला एक उतार, आणि तीस-चाळीस हंगाम काढलेले दोन म्हातारे ड्रायव्हर. पहिल्यांदा पट्टी लावून दाखवायची, मग पिन आणि क्लिप, मग ड्रममधून ट्रॉली मागं घ्यायची, मग उतार. परिवहन कार्यालयाचा निरीक्षक तिथंच बसून ज्यांची चाचणी बाकी आहे त्यांची घेऊ शकेल. ज्या प्रकारच्या गाडीचं लायसन मागितलं त्याच प्रकारच्या गाडीवर चाचणी घ्यायची हा नियम आहेच, ट्रॉली जोडून घ्यायला कोणी अडवलेलं नाही. कारखान्यांनी वाहतुकीचा करार करताना, उचल देताना, ड्रायव्हरकडं या सरावाची चिठ्ठी मागितली तर पोरं आपोआप येतील. १७ सप्टेंबरपासून गाळप सुरू होईपर्यंत महिना-दीड महिना मिळतो. ज्याला हुकाच्या सांध्याची गत एकदा कळली त्याला ट्रॉली मागं घ्यायला तेवढे दिवस पुरतात.